आधी सीट, मग माइल्स

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांचा विषय आहे विमानाचे माइल्स आणि क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स. बँकेचे पॉइंट्स विमान कंपनीच्या सदस्य योजनेत, म्हणजे ‘प्रोग्रॅम’मध्ये, पाठवले (ट्रान्सफर केले) की त्यांचे माइल्स होतात आणि त्यांवर तिकीट काढता येते. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतली भाडी आणि माइल्सचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या तारखेचे खरे आकडे तुम्हालाच त्या दिवशी पाहावे लागतील.

प्रश्न : माझ्या कार्डावर १,२०,००० पॉइंट्स साठले आहेत. बँकेच्या कॅटलॉगमध्ये पॉइंटमागे २५ पैशांचे व्हाउचर मिळते, बँकेच्या प्रवास पोर्टलवर १ रुपया मिळतो. ऑफिसातला सहकारी म्हणतो, माइल्स करून सिंगापूरला बिझनेस क्लासने जा, पॉइंटला सव्वा रुपयाच्या वर सुटतो. कोणाचे खरे धरायचे? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : तिन्ही आकडे खरे असू शकतात. पॉइंटचा भाव तो कशावर खर्च होतो त्यावर ठरतो, म्हणून प्रत्येक वेळी हिशेब नव्याने मांडावा लागतो. हिशेब सोपा आहे. तेच विमान, तीच तारीख आणि तोच वर्ग धरून रोख तिकिटाची पूर्ण रक्कम घ्या. त्यातून माइल्सच्या तिकिटावर रोख भरावे लागणारे कर आणि सरचार्ज वजा करा. जे उरेल त्याला लागणाऱ्या माइल्सने भागा.

समजा मुंबई–सिंगापूर–मुंबई इकॉनॉमीचे रोख तिकीट ३२,००० रुपयांना आहे. माइल्सने काढल्यास ४०,००० माइल्स आणि ९,००० रुपये कर लागतो. ३२,००० वजा ९,००० म्हणजे २३,०००. त्याला ४०,००० ने भागले की माइलमागे साडेसत्तावन्न पैसे येतात. पोर्टलवर तुम्हाला १ रुपया मिळतो आहे, तेव्हा हा सौदा तोट्याचा.

आता बिझनेस क्लास. रोख भाडे १,१५,०००, कर १०,००० आणि माइल्स ८०,००० धरा. १,०५,००० भागिले ८०,००० म्हणजे १ रुपया ३१ पैसे. तुमच्या सहकाऱ्याचा आकडा इथून आला असणार. पण स्वतःला एक प्रश्न विचारा : माइल्स नसते तर या तिकिटाला मी खिशातून किती दिले असते? उत्तर १,१५,००० असेल तर १ रुपया ३१ पैसे हाच तुमचा भाव. ‘फार तर ६०,०००’ असे असेल, तर हिशेब ६०,००० वरून करा. ५०,००० भागिले ८०,००० म्हणजे फक्त साडेबासष्ट पैसे. बिझनेस क्लासने जाऊ नका असे आमचे म्हणणे नाही. आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर रात्रभर आडवे पडून जाता येणे मोलाचे आहे, आणि ते मोल हिशेबात जरूर धरा. फक्त जे भाडे आपण कधीच भरणार नव्हतो, ते ‘वाचवले’ असे मानू नका.

हिशेबात आणखी तीन ठिकाणी चूक होते. पहिली पोर्टलच्या भाड्यात. तेच ३२,००० चे तिकीट बँकेच्या पोर्टलवर ३४,५०० ला दिसत असेल, तर तुमचा १ रुपयाचा पॉइंट ९३ पैशांचाच झाला. म्हणून विमान कंपनीची वेबसाइट शेजारच्या टॅबमध्ये उघडी ठेवा. दुसरी रूपांतराच्या दरात. बँक ५ पॉइंट्सला ४ माइल्स देत असेल, तर ८०,००० माइल्ससाठी १ लाख पॉइंट्स जातात आणि १ रुपया ३१ पैशांचे १ रुपया ५ पैसे होतात. ते पोर्टलच्या जवळपासच आले. तिसरी चूक भाड्याच्या रकमेत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या वरच्या वर्गांवर १८ टक्के जीएसटी आहे, इकॉनॉमीवर ५ टक्के. वेबसाइटवर आधी दिसणारा आकडा करांशिवायचा असू शकतो, म्हणून पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरचीच रक्कम घ्या.

कॅटलॉगमधल्या मिक्सरकडे आणि व्हाउचरकडे वळू नका. पोर्टलवर १ रुपया मिळत असताना २५ पैसे हा फारच वाईट भाव आहे.

प्रश्न : मुलगी फ्रँकफर्टला असते. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघांनी जायचे ठरवले आहे. एका प्रोग्रॅमच्या वेबसाइटवर लुफ्थान्साची माइल्सची तिकिटे पाहिली, तर माइल्स घेऊन वर भलीमोठी रोख रक्कम मागत होते. माइल्सचे तिकीट म्हणजे फक्त कर भरायचा ना? मग हे काय आहे? आणि सीट शोधायच्या कशा? (एक दांपत्य, ठाणे)

उत्तर : त्या रकमेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात. एक म्हणजे विमानतळाचे आणि सरकारचे पैसे : युजर डेव्हलपमेंट फी, सुरक्षा शुल्क, परदेशातल्या विमानतळाचे कर. तिकीट कुठूनही काढा, हे द्यावेच लागतात. दुसरी म्हणजे विमान कंपनीने स्वतः लावलेला सरचार्ज. पूर्वी त्याला सरसकट फ्युएल सरचार्ज म्हणत. तिकिटाच्या फोडीत तो ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ या अक्षरांपुढे दिसतो. कर म्हणून दाखवला तरी तो कर नाही, भाड्याचाच वेगळा काढलेला भाग आहे. युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांचा हा सरचार्ज मोठा असतो आणि लुफ्थान्सा त्यांपैकीच आहे.

तो तुमच्याकडून घ्यायचा की नाही, हे ज्या प्रोग्रॅममधून तिकीट काढता तो ठरवतो. त्यामुळे एकाच विमानातल्या शेजारशेजारच्या दोन सीटांवर रोख खर्च अगदी वेगळा होऊ शकतो. एअर कॅनडाच्या एरोप्लॅनने नोव्हेंबर २०२० पासून असा सरचार्ज घेणे बंद केले आहे. भागीदार कंपनीच्या, म्हणजे जिच्या विमानात त्याच माइल्सने जाता येते तिच्या, तिकिटावर तो ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क घेतो. युनायटेडचा माइलेजप्लसही भागीदारांचा सरचार्ज पुढे ढकलत नाही. सिंगापूर एअरलाइन्सचा क्रिसफ्लायर स्वतःच्या विमानांवर २०१७ पासून फ्युएल सरचार्ज घेत नाही, पण भागीदारांच्या विमानांवर तो लागतो. लुफ्थान्सा, एअर इंडिया, युनायटेड, एअर कॅनडा, टर्किश, स्विस आणि सिंगापूर हे सगळे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. म्हणून लुफ्थान्साची सीट यांपैकी दुसऱ्या कुणाच्या माइल्सनेही काढता येते. तुमच्या कार्डाच्या ट्रान्सफर यादीत एरोप्लॅन किंवा युनायटेड आहे का, हे आधी पाहा. यादी बँकेगणिक आणि कार्डागणिक बदलते. काही बँका वर्षाकाठी किती पॉइंट्स ट्रान्सफर करता येतील याची मर्यादाही घालतात आणि ती भागीदारांच्या गटांप्रमाणे वेगळी असते.

आता सीट. एरोप्लॅनमध्ये किंवा युनायटेडमध्ये खाते उघडायला पैसे लागत नाहीत. खात्यात एकही माइल नसला तरी शोध घेता येतो. शोध जाण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा घ्या, कारण परतीच्या सीटा नसल्या की काही वेबसाइटी जाण्याच्याही दाखवत नाहीत. आधी मुंबई–फ्रँकफर्ट थेट पाहा, मग मुंबई–म्युनिक, मग झुरिक आणि इस्तंबूलमार्गे. दोघांसाठी शोध रिकामा आला तर एकासाठी शोधून पाहा. एकच सीट दिसली तर ती आज आणि दुसरी काही दिवसांनी, किंवा एक जण एक दिवस आधी, अशी जुळवाजुळव करावी लागते. मे महिन्यात मुंबईतल्या बहुतेक शाळांना सुट्टी असते, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याचा हट्ट सोडलात तर काम हलके होते.

सीटा बहुधा दोनदा खुल्या होतात. एकदा प्रवासाच्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी, वेळापत्रक खुले होते तेव्हा. दुसऱ्यांदा शेवटच्या दोनतीन आठवड्यांत, न विकलेल्या जागा सोडल्या जातात तेव्हा. तुमच्यासाठी पहिलीच वेळ बरी. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. व्हिसा हातात नसताना शेवटच्या आठवड्यातल्या सीटेचा उपयोग नाही. माइल्सचे तिकीट आधी काढून ठेवा. व्हिसा नाकारला गेला तर बहुतेक प्रोग्रॅम ठरावीक शुल्क कापून माइल्स खात्यात परत देतात. ते शुल्क तिकीट काढण्यापूर्वी वाचून ठेवा.

सर्वांत जास्त नुकसान होते ते इथे : सीट दिसली, घाईने पॉइंट्स ट्रान्सफर केले आणि पैसे भरताना ‘सीट उपलब्ध नाही’ असा संदेश आला. भागीदार कंपनीची जुनी माहिती वेबसाइटवर तशीच राहिली की अशा भुताटकीच्या सीटा दिसतात. ट्रान्सफर परत फिरत नाही. एकदा बँकेतून पॉइंट्स गेले की ते त्या प्रोग्रॅमचेच झाले. म्हणून तीच सीट दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या वेबसाइटवरही दिसते का ते पाहा. स्टार अलायन्समध्ये भागीदारांना दिलेली बिझनेसची सीट ‘आय’ आणि इकॉनॉमीची ‘एक्स’ या वर्गात असते. फोनवरच्या प्रतिनिधीला उड्डाण क्रमांक आणि तारीख सांगून ‘या वर्गात दोन सीटा आहेत का’ असे विचारता येते. शिवाय बुकिंगमध्ये प्रवाशांची नावे भरून पैसे भरण्याच्या पानाच्या आधीपर्यंत जाऊन पाहा. दोन ठिकाणी खात्री झाली की त्याच बैठकीत ट्रान्सफर करा. ट्रान्सफरला काही ठिकाणी काही मिनिटे लागतात, काही ठिकाणी काही दिवस. दिवस लागत असतील तर पर्यायी तारखाही आधीच हेरून ठेवा.

वाटेत इस्तंबूल पाहायचे असेल तर एरोप्लॅन एका दिशेच्या तिकिटावर ५,००० जादा पॉइंट्स घेऊन एक थांबा देतो. दोघांना मिळून १०,००० पॉइंट्स पडतील आणि एक वेगळे शहर नीट पाहून होईल. आमच्या मते हा फार चांगला सौदा आहे. आणि लंडनला जाणाऱ्या वाचकांसाठी जाता जाता : ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्युटी हा कर तिथून निघणाऱ्या प्रवाशांवर लागतो, तिथे उतरणाऱ्यांवर नाही, आणि इकॉनॉमीच्या वरच्या वर्गात तो बराच जास्त असतो. लंडनला उतरून पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमहून परतलात तर तो वाचतो. अर्थात मधल्या रेल्वेचे किंवा विमानाचे भाडेही हिशेबात धरा.

प्रश्न : क्रेडिट कार्डावर माझे माहेरचे आडनाव आहे आणि पासपोर्टवर सासरचे. बँकेने माइल्सची ट्रान्सफर ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत केली. आता काय करू? (एक वाचिका, गिरगाव)

उत्तर : परत केली हे चांगलेच झाले. अडकून राहिली असती तर सोडवायला जास्त दिवस लागले असते. बँकेचा नियम असा की ट्रान्सफर कार्डधारकाच्याच नावाच्या खात्यात होते. विमान कंपनीचा नियम असा की तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणे हवे. दोन्ही पाळायचे तर पासपोर्टचे नाव मूळ धरा आणि बँकेतले बदला. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि पासपोर्टची प्रत घेऊन बँकेत केवायसी बदलून घ्या. फक्त बचत खात्यात बदल करून थांबू नका. कार्ड विभागाची नोंद बहुधा वेगळी असते, म्हणून नव्या नावाचे कार्ड हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. माइल्सच्या खात्यात नाव पासपोर्टवर आहे तसेच घाला. आपल्याकडे पासपोर्टच्या ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे नाव आणि पतीचे किंवा वडिलांचे नाव असे दोन्ही असते. ते दोन्ही पहिल्या नावाच्या जागी भरा. तिकिटावर ती दोन नावे जोडून, मध्ये जागा न सोडता छापली जातात. त्याने काही बिघडत नाही.

हे सगळे झाल्यावर सुरुवातीला बँक स्वीकारते तेवढे किमान पॉइंट्सच ट्रान्सफर करून पाहा. अनेक बँका प्रत्येक रिडेम्पशनला, म्हणजे पॉइंट्स वापरण्याच्या प्रत्येक वेळी, ९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ११७ रुपये घेतात. एरवी आम्ही पॉइंट्स तुकड्यातुकड्यांनी पाठवू नका असेच सांगतो. पण नाव बदलल्यानंतरच्या पहिल्या वेळी हे ११७ रुपये वाया गेले असे समजू नका. सदस्य क्रमांक टाइप न करता प्रोग्रॅमच्या ॲपमधून कॉपी करा.

ॲड-ऑन कार्डाबद्दलही, म्हणजे मूळ कार्डावर घरच्यांसाठी काढलेल्या जादा कार्डाबद्दलही, काही जणींनी विचारले आहे. त्या कार्डावरचे पॉइंट्स मूळ कार्डधारकाच्या खात्यात जमा होतात, त्यामुळे ट्रान्सफरही त्यांच्याच नावावर होते. मात्र त्यांच्या माइल्सने तुमचे तिकीट काढता येते. क्रिसफ्लायरमध्ये त्यासाठी आधी नॉमिनी नोंदवावे लागतात आणि जास्तीत जास्त पाचच नावे घालता येतात. पहिल्याच दिवशी सगळ्या भावंडांची नावे भरून जागा संपवू नका.

प्रश्न : माइल्स साठवून ठेवले तर बुडतात का? निवृत्तीनंतर एकदम मोठी सहल करायचा विचार आहे. (एक वाचक, कल्याण)

उत्तर : दोन प्रकार आहेत. क्रिसफ्लायरचे माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षांनी संपतात, मधे तुम्ही कितीही विमानप्रवास केलात तरी. साध्या सदस्याला ते ६ महिने वाढवून मिळतात, दर १०,००० माइल्सना १,२०० माइल्स किंवा १२ अमेरिकी डॉलर भरून. ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेजच्या एव्हिऑसना (त्यांच्या माइल्सचे हे नाव) शेवटच्या हालचालीपासून ३६ महिने मिळतात. थोडेसे एव्हिऑस मिळवले किंवा खर्च केले की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ही दोन्ही खाती जोडून एव्हिऑस एकास एक दराने इकडून तिकडे नेताही येतात.

पण मुदतीपेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. क्रिसफ्लायरने जुलै २०२२ मध्ये तिकिटांना लागणारे माइल्स वाढवले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा वाढवले. तुमचे माइल्स तेवढेच राहिले, तिकीट महाग झाले. आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे थांबली तेव्हा तिच्या प्रोग्रॅममधले माइल्स कशाच्याही कामाचे राहिले नाहीत. निवृत्तीला दहा वर्षे असतील तर निवृत्तीसाठी माइल्स साठवू नका. दर वर्षा-दोन वर्षांनी एक प्रवास काढत जा. जे ठेवायचे ते बँकेत पॉइंट्सच्या रूपात ठेवा, तिथून पाचसहा दिशांना जाता येते. अर्थात बँकेच्या पॉइंट्सचीही मुदत बघून.

प्रश्न : दिवाळीत नागपूरला जायला माइल्स वापरावेत का? (डोंबिवलीहून तीन पत्रे)

उत्तर : देशांतर्गत प्रवासाला बहुतेक ठिकाणी लागणारे पॉइंट्स भाड्याबरोबर वरखाली होतात. दिवाळीत भाडे दुप्पट झाले की पॉइंट्सही जवळपास दुप्पट, त्यामुळे सणाचा वेगळा फायदा नाही. पाच मिनिटांची तपासणी करा : दिवाळीच्या आदल्या शुक्रवारचा आणि साध्या मंगळवारचा, दोन्हींचा भाव वरच्या सूत्राने काढा. दोन्ही भाव सारखे आले तर पॉइंट्स कोणत्या दिवशी वापरता याने फरक पडत नाही, जे सोयीचे असेल ते करा. शुक्रवारचा भाव दीडपट आला तर सीट लगेच घ्या. विस्ताराचे जुने पॉइंट्स १२ नोव्हेंबर २०२४ च्या विलीनीकरणानंतर एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये गेले आहेत. बऱ्याच जणांनी ते खाते अजून उघडूनही पाहिलेले नाही, आधी तिथे पाहा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक जण निम्म्या किमतीत बिझनेस क्लासचे तिकीट देतो म्हणतो. तिकीट खरे निघते असे ओळखीचे सांगतात. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : तिकीट खरे असते, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातल्या माइल्सने काढलेले असते. माइल्स विकायला सगळ्या मोठ्या प्रोग्रॅमांची बंदी आहे. खाते चोरीचे निघाले किंवा कंपनीला संशय आला तर तिकीट रद्द होते, तेही प्रवासाच्या आदल्या दिवशी किंवा परतीच्या आधी. तुम्ही परदेशात असाल आणि परतीचे तिकीट नसेल. पैसे ज्याला दिले तो उचलणार नाही, आणि कंपनीचा तुमच्याशी काही व्यवहारच झालेला नसतो. घेऊ नका.

कंपनीकडूनच माइल्स विकत घेणे वेगळे. एखाद्या सीटेला ४,००० माइल्स कमी पडत असतील तर घ्या, फक्त त्या ४,००० ची किंमत रुपयांत मांडून एकूण हिशेबात घाला. ‘५० टक्के बोनस’ पाहून सीट न ठरवता घेऊन ठेवू नका.

प्रश्न : माइल्सचे तिकीट निघाल्यावर आणखी काही तपासावे लागते का? (एक वाचिका, दादर)

उत्तर : लागते, आणि त्याच दिवशी. पीएनआर मिळाला म्हणजे तिकीट मिळाले असे नाही. ई-मेलमध्ये १३ अंकी तिकीट क्रमांक शोधा. पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात : सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८, एअर कॅनडाचे ०१४, एअर इंडियाचे ०९८. हा क्रमांक २४ तासांत आला नाही तर ज्या प्रोग्रॅमचे माइल्स गेले त्यांना फोन करा. भागीदार कंपनीच्या विमानाचे तिकीट असेल तर त्या कंपनीचा पीएनआर वेगळा असतो. तो मागून घ्या, तिच्या वेबसाइटवर टाकून बुकिंग दिसते का ते पाहा आणि सीट निवडा. वेळापत्रक बदलले तर तिकीट बदलण्याचे काम माइल्स घेणाऱ्या प्रोग्रॅमकडेच असते, विमानतळावरचा काउंटर तुम्हाला तिकडेच पाठवेल. म्हणून त्यांचा फोन क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा. आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर ‘बीओएम’ आहे की ‘एनएमआय’ ते वाचूनच टॅक्सी सांगा. जाण्याचा आणि परतीचा विमानतळ वेगळा असू शकतो.